कोणी हात न लावताही ‘बदललेल्या’ दिसणाऱ्या फाइली, आणि टीमभर एकसारखी गिट सेटिंग्ज

पुल रिक्वेस्ट (आपला बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती) उघडावी तर दोनच ओळींची दुरुस्ती असलेली फाइल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत लाल-हिरवी दिसते. नुकत्याच क्लोन केलेल्या रिपॉझिटरीत (गिट ज्याचा इतिहास सांभाळते त्या कोडच्या साठ्यात) ‘गिट स्टेटस’ दिले की ज्यांना कोणी हात लावलेला नाही अशा फाइलीही बदललेल्या म्हणून यादीत येतात, आणि ‘गिट रिसेट --हार्ड’ करूनही त्या यादीतून हलत नाहीत. विंडोजवर लिहिलेली शेल स्क्रिप्ट लिनक्स सर्व्हरवर ‘बॅड इंटरप्रिटर’ अशी तक्रार करून थांबते, आणि त्या तक्रारीत इंटरप्रिटरच्या नावापुढे टोपीसारखे चिन्ह व ‘एम’ हे अक्षर चिकटलेले असते. ही सगळी लक्षणे बहुतेक वेळा एकाच दुखण्याची असतात: लाइन एंडिंगची, म्हणजे ओळ संपल्याची जी अदृश्य खूण विंडोजवर सीआरएलएफ (दोन चिन्हे) आणि लिनक्सवर एलएफ (एकच चिन्ह) अशी वेगळी असते तिच्या गोंधळाची. ते दुखणे उद्भवले की टीमच्या ग्रुपवर ‘सगळ्यांनी आपापल्या मशीनवर कोअर.ऑटोसीआरएलएफ ट्रू करून घ्या’ (म्हणजे या खुणांचे आपोआप रूपांतर करणारे सेटिंग सुरू करा) असा निरोप फिरतो, काही आठवडे शांततेत जातात, आणि मग कोणी नवीन रुजू झाले किंवा कोणाचा लॅपटॉप बदलला की तोच प्रकार पुन्हा सुरू होतो.

तो पुन्हा सुरू होतो याचे कारण असे, की ज्या गोष्टीचा परिणाम सर्वांच्या सामाईक मजकुरावर होतो ती गोष्ट आपण प्रत्येकाच्या वैयक्तिक सेटिंगवर सोपवलेली असते. ती तिथून काढून रिपॉझिटरीत आणली की निरोप फिरवण्याची गरज उरत नाही. (या लेखात आज्ञा आणि सेटिंग्जची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलवर ती अर्थातच मूळ रोमन रूपातच द्यावी लागतील.)

सेटिंग क्लोनबरोबर का येत नाही

गिट आपली सेटिंग्ज अनेक पातळ्यांवरून वाचते. सर्वांत खाली संपूर्ण यंत्रासाठीची सिस्टिम पातळी, तिच्यावर त्या वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीतली ग्लोबल पातळी, आणि तिच्यावर त्या एका रिपॉझिटरीच्या ‘.गिट’ फोल्डरमधल्या कॉन्फिग फाइलची लोकल पातळी, असा क्रम असून वरच्या पातळीवरचे मूल्य खालच्या पातळीवरच्या मूल्याला मागे सारते. लोकल पातळी त्या रिपॉझिटरीपुरती असली तरी ती कमिटचा भाग कधीच नसते. क्लोन करताना इतिहास येतो, ब्रँचेस येतात, टॅग येतात. दुसऱ्याची कॉन्फिग फाइल आणि त्याचे हुक (कमिट, पुश अशा ठरावीक क्षणी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट) मात्र येत नाहीत.

ही गिटची उणीव आहे असे अनेकांना वाटते, पण तो जाणूनबुजून घेतलेला निर्णय आहे. कॉन्फिगमधून एडिटर ठरतो, पेजर ठरतो, एसएसएचसाठी कोणती आज्ञा चालवायची ते ठरते, आणि उद्गारचिन्हाने सुरू होणाऱ्या एलियासमागे (आज्ञेला दिलेल्या टोपणनावामागे) तर शेलची कोणतीही आज्ञा दडवता येते. अशी फाइल क्लोनबरोबर आपोआप आली असती, तर अनोळखी रिपॉझिटरी नुसती उतरवून आत ‘गिट स्टेटस’ देणे म्हणजे आपले यंत्र परक्याच्या हाती देणे ठरले असते. ही भीती काल्पनिक नाही. सामाईक यंत्रावर दुसऱ्या कोणी वरच्या डिरेक्टरीत ‘.गिट’ फोल्डर तयार करून ठेवले, तर त्यातले कॉन्फिग आपल्या नावावर चालू शकते, ही त्रुटी एप्रिल 2022 मध्ये आलेल्या 2.35.2 आवृत्तीत बुजवावी लागली, आणि ‘सेफ.डिरेक्टरी’ हे सेटिंग त्यातूनच आले. तेव्हा सेटिंग आपोआप पोहोचावे अशी अपेक्षा सोडून द्यावी आणि कोणते सेटिंग कोणत्या मार्गाने पोहोचवता येते याचा विचार करावा.

आधी मूल्य कुठून येते ते पाहावे

काहीही बदलण्यापूर्वी ज्याच्याकडे त्रास दिसतो त्याच्या आणि ज्याच्याकडे दिसत नाही त्याच्या, अशा दोन्ही यंत्रांवर ‘गिट कॉन्फिग --लिस्ट --शो-ओरिजिन --शो-स्कोप’ ही आज्ञा चालवून निकाल शेजारी ठेवावेत. ‘--शो-ओरिजिन’ प्रत्येक मूल्यापुढे ते कोणत्या फाइलीतून आले ते सांगते आणि ‘--शो-स्कोप’ कोणत्या पातळीवरून आले ते सांगते. यातला दुसरा पर्याय 2.26 आवृत्तीपासून आहे, त्यामुळे फार जुन्या गिटवर पहिल्यावर भागवावे लागेल. नुसते ‘--ग्लोबल --लिस्ट’ पाहून निष्कर्ष काढणे इथे हमखास फसवते, कारण विंडोजवरचे गिट बसवताना इन्स्टॉलर लाइन एंडिंगविषयी प्रश्न विचारतो, त्याचे आधीच निवडलेले उत्तर ‘ट्रू’ असते, आणि ते मूल्य सिस्टिम पातळीवर लिहिले जाते. ग्लोबल फाइलीत त्याचा मागमूस नसतो. ‘मी काहीच सेट केलेले नाही’ असे सांगणारा सहकारी खोटे बोलत नसतो. ‘नेक्स्ट’ दाबत गेल्याने ते त्याच्या वतीने सेट झालेले असते.

त्यानंतर ‘गिट एलएस-फाइल्स --ईओएल’ चालवावे. ही आज्ञा प्रत्येक फाइलीसाठी तीन गोष्टी दाखवते: ‘आय’पुढे इंडेक्समधली, म्हणजे जी कमिट होते त्या रूपातली लाइन एंडिंग, ‘डब्ल्यू’पुढे आपल्या डिस्कवरच्या प्रतीतली, आणि ‘अॅटर’पुढे त्या फाइलीला लागू असलेला नियम (हे नियम ज्या ‘.गिटअॅट्रिब्यूट्स’ फाइलीत लिहितात तिच्याविषयी पुढे). ‘डब्ल्यू’पुढे सीआरएलएफ आणि ‘आय’पुढे एलएफ दिसले तर सहसा काळजीचे कारण नाही, कारण विंडोजवरचे रूपांतर योग्य तऱ्हेने चालू आहे एवढाच त्याचा अर्थ होतो. ‘आय’पुढे सीआरएलएफ किंवा ‘मिक्स्ड’ असलेल्या फाइली मात्र खऱ्या रोगी आहेत, आणि त्यांची यादी बाजूला काढून ठेवावी.

इथेच एक वेगळी शक्यताही तपासून घ्यावी. विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याची सोय) वापरणारी बरीच मंडळी एकच फोल्डर विंडोजच्या गिटने आणि डब्ल्यूएसएलमधल्या लिनक्सच्या गिटने आलटून-पालटून उघडतात. ही दोन स्वतंत्र गिट आहेत आणि त्यांच्या सिस्टिम व ग्लोबल फाइली वेगळ्या आहेत. एकाने सीआरएलएफ करून ठेवलेली फाइल दुसऱ्याला बदललेली वाटते, शिवाय फाइलीच्या एक्झिक्यूट परवानगीबद्दलही दोघांचे मत जुळत नाही. ज्याच्याकडे एकदम शेकडो फाइली बदललेल्या दिसतात आणि बाकी कोणाकडेच दिसत नाहीत, त्याला पहिला प्रश्न हाच विचारावा. उपायही सोपा आहे: डब्ल्यूएसएलमधले काम डब्ल्यूएसएलच्या स्वतःच्या फाइल सिस्टिममध्ये वेगळे क्लोन करून करावे.

रिसेट करूनही न जाणारे बदल

या लक्षणामुळे माणसे सर्वाधिक चक्रावतात, म्हणून त्याची यंत्रणा नीट समजून घेणे उपयोगाचे आहे. समजा एखादी फाइल फार पूर्वी सीआरएलएफसकट कमिट झाली आहे, आणि आता तिला ‘टेक्स्ट’ हा नियम लागू आहे. नियमाचा अर्थ असा, की कमिट होताना ही फाइल एलएफमध्ये रूपांतरित होईल. ‘गिट स्टेटस’ डिस्कवरची प्रत घेते, कमिट केली तर ती कशी दिसेल ते ठरवते आणि इंडेक्समधल्या रूपाशी ताडून पाहते. एकीकडे एलएफ, दुसरीकडे सीआरएलएफ, म्हणून फाइल ‘बदललेली’ ठरते. ‘रिसेट’ किंवा ‘चेकआउट’ केल्यावर इंडेक्समधली तीच सीआरएलएफ प्रत पुन्हा डिस्कवर उतरते आणि पुढच्या तपासणीत पुन्हा बदललेली ठरते. फाइल बिघडलेली नसते आणि गिटही बिघडलेले नसते. इंडेक्समध्ये जे आहे ते नियमाशी विसंगत आहे एवढेच ते सांगत असते, आणि ही विसंगती कमिट करूनच संपते.

‘टेक्स्ट=ऑटो’ हा सौम्य नियम लावला तर असे होत नाही, कारण आधीच सीआरएलएफसकट कमिट झालेल्या फाइलींना हल्लीचे गिट त्या नियमाखाली आपणहून हात लावत नाही. म्हणूनच नियमांची फाइल घालूनही जुन्या फाइली तशाच राहिल्या, अशी उलट तक्रार काही ठिकाणी येते. दोन्ही तक्रारींवर उपाय एकच आहे.

दुरुस्ती

रिपॉझिटरीच्या मुळाशी ‘.गिटअॅट्रिब्यूट्स’ नावाची फाइल ठेवावी. ही फाइल इतर मजकुरासारखीच कमिट होते, क्लोनबरोबर प्रत्येकाकडे जाते, आणि लाइन एंडिंगच्या बाबतीत ‘कोअर.ऑटोसीआरएलएफ’पेक्षा तिचा शब्द वरचढ असतो; म्हणजे कोणी इन्स्टॉलरमध्ये काय निवडले याने कमिट होणाऱ्या मजकुरात फरक पडत नाही. पहिल्या ओळीत तारकाचिन्ह आणि पुढे ‘टेक्स्ट=ऑटो’ लिहावे. केवळ एवढ्यावर इंडेक्स स्वच्छ राहतो, मात्र विंडोजवर डिस्कवरच्या प्रती सीआरएलएफ असू शकतात, अगदी ‘ऑटोसीआरएलएफ’ बंद ठेवणाऱ्याकडेसुद्धा, कारण अशा वेळी ‘कोअर.ईओएल’ त्या यंत्राची मूळ पद्धत पाळते. ज्या टीमचा कोड विंडोजवरून थेट लिनक्स कंटेनरमध्ये माउंट होतो तिने त्याच ओळीत ‘ईओएल=एलएफ’ही जोडावे. आजचे बहुतेक सगळे एडिटर विंडोजवरही एलएफ व्यवस्थित हाताळतात, त्यामुळे माझे मत सरसकट हेच करण्याच्या बाजूचे आहे. ही जोडी 2.10 आवृत्तीपासून अपेक्षेप्रमाणे चालते. त्यापूर्वीच्या आवृत्त्या ‘ईओएल’ दिसताच प्रतिमांनाही मजकूर समजत असत.

त्याखाली अपवाद लिहावेत. ‘.एसएच’ फाइलींसाठी ‘टेक्स्ट ईओएल=एलएफ’, ‘.बॅट’ आणि ‘.सीएमडी’ फाइलींसाठी ‘टेक्स्ट ईओएल=सीआरएलएफ’, आणि चित्रे, फॉन्ट, पीडीएफ यांच्यासाठी ‘बायनरी’ असे स्पष्ट सांगावे. गिटचा अंदाज बहुधा बरोबर येतो, तरी बायनरी फाइल चुकून रूपांतरित झाली तर ती खराब होते, आणि ते पुष्कळ उशिरा लक्षात येते.

मग ‘गिट अॅड --रीनॉर्मलाइज’ पुढे टिंब देऊन चालवावे. 2.16 आवृत्तीपासून असलेला हा पर्याय आधीपासून नोंद असलेल्या सगळ्या फाइली नव्या नियमांनुसार पुन्हा इंडेक्समध्ये घेतो. नवी ‘.गिटअॅट्रिब्यूट्स’ फाइल मात्र त्यात आपोआप येत नाही, ती वेगळी अॅड करावी लागते. हा बदल स्वतंत्र कमिट म्हणूनच करावा, त्यात दुसरी एकही दुरुस्ती मिसळू नये, आणि शक्यतो चालू पुल रिक्वेस्ट कमीत कमी असतील अशी वेळ निवडावी. तरीही ज्यांच्या ब्रँच जुन्या कमिटवरून निघाल्या आहेत त्यांना मर्ज करताना फाइलभर कॉन्फ्लिक्ट दिसतील. त्यांनी ‘गिट मर्ज -एक्स रीनॉर्मलाइज’ वापरले की मर्जपूर्वी तिन्ही बाजू एकाच रूपात आणल्या जातात आणि खरे कॉन्फ्लिक्ट तेवढे उरतात.

बाकीच्यांनी हा कमिट पुल केल्यावर बदललेल्या फाइली नव्या रूपात उतरतात, पण ज्या फाइली इंडेक्समध्ये आधीपासूनच एलएफ होत्या त्यांच्या डिस्कवरच्या सीआरएलएफ प्रती तशाच पडून राहतात, कारण गिटच्या दृष्टीने त्यांच्यात काही बदललेले नसते. त्या बदलायच्या असतील तर आपले काम कमिट किंवा स्टॅश करून घ्यावे, आणि मगच ‘गिट आरएम --कॅश्ड -आर’ पुढे टिंब देऊन लगेच ‘गिट रिसेट --हार्ड’ करावे. दुसरी आज्ञा कमिट न केलेले सारे पुसून टाकते, त्यामुळे ज्याला धास्ती वाटते त्याने सरळ नवे क्लोन घ्यावे. त्यात कमीपणा काही नाही.

इतक्या फाइलींना स्पर्श करणारा कमिट पुढे ‘गिट ब्लेम’मध्ये प्रत्येक ओळीवर त्या एकाच माणसाचे नाव दाखवू लागतो. त्या कमिटचा संपूर्ण हॅश ‘.गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज’ या फाइलीत लिहून ठेवावा. गिटहब ही फाइल स्वतःच ओळखते. टर्मिनलवरच्या गिटला मात्र ‘ब्लेम.इग्नोररेव्ह्जफाइल’ या सेटिंगने तिचा पत्ता द्यावा लागतो. हे सेटिंग ग्लोबल पातळीवर ठेवू नये, कारण ज्या रिपॉझिटरीत ती फाइल नाही तिथे ‘ब्लेम’ चूक दाखवून बंद पडते.

एक्झिक्यूट परवानगीचा घोळ याच जातीचा आहे. विंडोजवर ‘कोअर.फाइलमोड’ बंद असल्याने तिथून कमिट केलेली नवी स्क्रिप्ट लिनक्सवर चालत नाही; ‘गिट अपडेट-इंडेक्स --सीएचमॉड=+एक्स’ देऊन ती परवानगी थेट इंडेक्समध्ये नोंदवली की ती कमिटबरोबर सर्वांकडे जाते.

जे रिपॉझिटरीत थेट मावत नाही ते

काही सेटिंग्ज अशी असतात की ती ‘.गिटअॅट्रिब्यूट्स’मध्ये बसत नाहीत, आणि तरीही सर्वांकडे सारखी असलेली बरी. वरचे ब्लेमचे सेटिंग त्यातलेच. ‘पुल’ करताना काय व्हावे हे दुसरे: 2.27 आवृत्तीपासून गिट याविषयी सूचना देऊ लागले आणि 2.33 पासून दोन्हीकडे वेगवेगळे कमिट असतील तर ते निवड केल्याशिवाय पुढेच जात नाही, त्यामुळे प्रत्येक जण सुचेल तो पर्याय लिहून मोकळा होतो आणि इतिहासात अर्ध्या टीमचे निरर्थक मर्ज कमिट साचतात. ‘पुल.एफएफ’ला ‘ओन्ली’ हे मूल्य द्यावे असे मी सुचवेन; ब्रँच फाटली असेल तर गिट थांबते आणि माणसाला विचार करून रीबेस किंवा मर्ज निवडावे लागते. तिसरे सेटिंग मराठी मजकूर सांभाळणाऱ्यांच्या खास कामाचे आहे. फाइलीचे नाव देवनागरीत असेल तर ‘गिट स्टेटस’ ते नाव न दाखवता 340, 244 अशा आकड्यांची तिरप्या रेघांनी जोडलेली माळ दाखवते, ‘कोअर.कोटपाथ’ला ‘फॉल्स’ केले की नाव जसेच्या तसे वाचता येते.

अशा सेटिंग्जसाठी रिपॉझिटरीच्या मुळाशी ‘.गिटकॉन्फिग’ नावाची साधी फाइल कमिट करावी, आणि प्रत्येकाने क्लोननंतर एकदाच ‘गिट कॉन्फिग --लोकल इन्क्लूड.पाथ’ ही आज्ञा, पुढे दोन टिंबे, तिरपी रेघ आणि ‘.गिटकॉन्फिग’ असा मार्ग देऊन चालवावी. ती दोन टिंबे विसरू नयेत. हा मार्ग ‘.गिट’ फोल्डरमधल्या कॉन्फिग फाइलीपासून मोजला जातो, आपण उभे असलेल्या फोल्डरपासून नव्हे. आणि मार्ग चुकला तर गिट एक शब्दही न बोलता ती ओळ सोडून देते. याच मौनामुळे आणखी एक गंमत घडते: ती फाइल नसलेली जुनी ब्रँच चेकआउट केली की सामाईक सेटिंग्ज गुपचूप नाहीशी होतात आणि ब्रँच बदलल्यावर परत येतात. सबमॉड्यूलची (आत जोडलेल्या दुसऱ्या रिपॉझिटरीची) कॉन्फिग फाइल मुख्य रिपॉझिटरीच्या ‘.गिट’ फोल्डरात खोलवर असते, त्यामुळे तिथे हाच मार्ग लागू पडत नाही.

हुकचेही असेच. 2.9 आवृत्तीपासून असलेल्या ‘कोअर.हुक्सपाथ’ने कमिट केलेल्या फोल्डरमधले हुक वापरता येतात, मात्र ते ठरवताच ‘.गिट’मधले मूळ हुक वाचले जाणे बंद होते. गिट एलएफएस (मोठ्या फाइली वेगळ्या साठवण्याची गिटची जोड) वापरणाऱ्या टीमने याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण एलएफएसचा प्री-पुश हुक त्या मूळ फोल्डरात राहिला असेल तर मोठ्या फाइली सर्व्हरवर चढतच नाहीत. नव्या फोल्डरातही तो हुक बसवावा लागतो.

सामाईक ‘.गिटकॉन्फिग’ फाइलीत काय असू नये हे अधिक महत्त्वाचे आहे. नाव आणि ईमेल, एडिटर, पेजर आणि क्रेडेन्शियल हेल्पर ही ज्याची त्याची बाब आहे. ‘कोअर.फाइलमोड’, ‘कोअर.इग्नोअरकेस’ आणि ‘कोअर.सिमलिंक्स’ ही मूल्ये गिट क्लोन करताना त्या यंत्राची फाइल सिस्टिम तपासून ठरवते. ती सगळ्यांवर लादली तर कोणाकडे तरी नक्कीच चुकीची ठरतील. आणि ज्या धोक्यामुळे गिट कॉन्फिग क्लोनबरोबर पाठवत नाही, तोच धोका या फाइलीने आपण स्वखुशीने घरात घेतलेला असतो: तिच्यात एलियास किंवा आज्ञा लिहू शकणारा कोणीही ती आज्ञा साऱ्या टीमच्या यंत्रांवर चालवू शकतो. म्हणून या फाइलीतला आणि हुकच्या फोल्डरमधला प्रत्येक बदल दुसऱ्या जाणत्या व्यक्तीने पाहिल्याशिवाय मर्ज होणार नाही, असा नियम सर्व्हरवर घालून ठेवावा. बाहेरच्या लोकांचे योगदान घेणाऱ्या खुल्या प्रकल्पात तर ही पद्धत मी वापरणारच नाही.

चुकीच्या ईमेलने झालेले कमिट हाही सेटिंग्जचाच त्रास असला तरी त्यावरचा उपाय ज्याने त्याने आपल्या ग्लोबल फाइलीत करायचा आहे. ऑफिसचे आणि घरचे काम एकाच लॅपटॉपवर करणाऱ्याने 2.13 पासूनच्या ‘इन्क्लूडइफ’ने फोल्डरनुसार वेगळी फाइल जोडावी आणि ‘यूजर.यूजकॉन्फिगओन्ली’ सुरू करावे, म्हणजे ईमेल दिलेला नसताना गिट यंत्राच्या नावावरून तो रचून कमिट करत नाही, थेट नकार देते.

पुन्हा उद्भवू नये म्हणून

क्लोननंतरची ती एक आज्ञा माणसे विसरणारच. म्हणून ज्या आज्ञेवाचून प्रकल्प चालूच शकत नाही तिलाच ती जोडून द्यावी. नोडच्या प्रकल्पात ‘एनपीएम इन्स्टॉल’बरोबर चालणारी ‘प्रिपेअर’ स्क्रिप्ट या कामाला योग्य आहे, इतरत्र मेकफाइल किंवा सेटअप स्क्रिप्ट चालते. एडिटरच्या बाजूने ‘.एडिटरकॉन्फिग’मध्ये ‘एंड_ऑफ_लाइन’ लिहून ठेवावे, मात्र ते ‘.गिटअॅट्रिब्यूट्स’मधल्या नियमाशी जुळणारे असावे. दोन्ही फाइली वेगळे सांगू लागल्या तर डिस्कवरच्या फाइली कधी एका रूपात तर कधी दुसऱ्या रूपात उतरत राहतात.

स्थानिक हुक ‘--नो-व्हेरिफाय’ देऊन टाळता येतात, तेव्हा शेवटचा पहारा सीआयवरच (प्रत्येक बदल सर्व्हरवर आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेवरच) हवा. तिथे चेकआउटनंतर ‘गिट अॅड --रीनॉर्मलाइज’ पुढे टिंब देऊन चालवावे आणि लगेच ‘गिट डिफ --कॅश्ड --एक्झिट-कोड’ द्यावे. नियमाविरुद्ध कमिट झालेली एकही फाइल असेल तर दुसरी आज्ञा शून्याव्यतिरिक्त कोड परत करते, बिल्ड तिथेच थांबते आणि दोषी फाइलीचे नाव लॉगमध्ये दिसते. नुसती सीआरएलएफ शोधणारी तपासणी लिहिण्यापेक्षा ही बरी, कारण एखादी फाइल मुद्दाम रूपांतराबाहेर ठेवली असेल तर हिच्यात तिचा नाहक गवगवा होत नाही.